पगार कापला गेला, तर आधी पार्ट टू ऑर्डर शोधा

इंदूरजवळच्या राऊहून एका ताईंनी लिहिलं आहे. यजमान पायदळात हवालदार. मागच्या १ डिसेंबरला सरहद्दीजवळच्या फील्ड भागातून त्यांची इंदूरजवळच्याच महू छावणीला बदली झाली. क्वार्टर रिकामं नव्हतं म्हणून कुटुंब राऊला भाड्याच्या घरात राहतं. जूनचा पगार म्हणून खात्यात फक्त ८,९१२ रुपये आले. बँक म्हणते, आम्हाला आले तेवढे टाकले. युनिटात सांगतात, पे ऑफिसला विचारा. पे ऑफिसच्या फोनवर सांगतात, युनिटातर्फे लिहा. स्लिपवर ४५,००० रुपये डेबिट दिसतात. ताईंचे प्रश्न दोन: हे पैसे गेले कुठे, आणि या महिन्याचं घरभाडं द्यायचं कशातून?

ताई, सोबत तुम्ही सात महिन्यांच्या स्लिपा पाठवल्या, हे फार बरं केलंत. मी संरक्षण लेखा विभागात तेहतीस वर्षं काढली. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं जवानांच्या पगाराच्या ऑफिसात, म्हणजे पीएओमध्ये गेली. त्या टेबलावर बसून जे शिकले ते सांगते. पैसे चोरीला गेलेले नाहीत आणि यजमानांवर कुठली शिक्षाही झालेली नाही. तुमच्याच स्लिपांत उत्तर आहे. डिसेंबर ते मे या सहाही स्लिपांत फील्ड एरिया अलाउन्स दरमहा ७,५०० लागलेला आहे. तेव्हा ते महूला होते, फील्डमध्ये नव्हते. सहा महिन्यांचे ४५,००० जास्त दिले गेले आणि जूनमध्ये ते एकदम वळते करून घेतले.

असं का होतं हे समजलं तर पुढच्या वेळी तुमची धावपळ वाचेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जवानाचा पगार तो काय काम करतो यावर थेट निघत नाही. त्याच्याबद्दल कागदावर काय छापलं गेलं यावर निघतो. या कागदाचं नाव पार्ट टू ऑर्डर. बदली, बढती, रजा, लग्न, मूल, कोर्स, फील्डमध्ये जाणं, फील्डमधून येणं, अशी प्रत्येक घटना युनिट पार्ट टू ऑर्डरमध्ये छापतं. ती रेकॉर्ड ऑफिस आणि पीएओकडे जाते. पीएओत तपासणी होते. पटली तर खात्यात चढते, नाही पटली तर शेरा मारून परत येते. फील्ड अलाउन्ससारखा भत्ता एकदा 'सुरू' झाला की 'बंद'ची ऑर्डर येईपर्यंत दर महिन्याला आपोआप लागत राहतो. माणूस महूला येऊन परेड करतोय, हे संगणकाला कोणी सांगितलंच नाही तर त्याला कसं कळणार?

बदलीच्या वेळी दोन नोंदी जुळाव्या लागतात. जुन्या युनिटने नाव कमी केल्याची, तिला एसओएस म्हणतात, आणि नव्या युनिटने नाव चढवल्याची, म्हणजे टीओएस. तुमच्या बाबतीत यांपैकी एक किंवा जुन्या युनिटची 'फील्ड अलाउन्स बंद'ची ऑर्डर उशिरा निघाली, किंवा निघाली पण शेरा लागून परत गेली आणि कोणाच्या तरी ट्रेमध्ये पडून राहिली. मे महिन्यात ती १ डिसेंबरपासून लागू म्हणून पोचली. लागू तारीख मागची असली की हिशेब मागपर्यंत उलटा फिरतो आणि सगळी वसुली एका महिन्यात येऊन पडते.

आता जावं कुठे? इथेच बहुतेक लोक चुकतात. पीएओ हे जवानाच्या सध्याच्या ठिकाणाचं नसतं, त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला जोडलेलं असतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. महूत सिग्नलचा जवान आणि महारचा जवान एकाच बॅरकीत शेजारी झोपत असले तरी एकाचा पगार जबलपूरहून निघतो आणि दुसऱ्याचा सागरहून. अधिकाऱ्यांचं सगळं पुण्याहून, हवाई दलाचं दिल्लीहून, नौदलाचं मुंबईहून. म्हणून महूच्या कुठल्याही खिडकीवर उभं राहून हा हिशेब दुरुस्त होत नाही. आणि पीएओ घरच्या माणसाच्या फोनवर खातं उघडून सांगत नाही, ते नियमातही बसत नाही. वाट एकच: यजमान, त्यांच्या कंपनीचा क्लर्क, युनिटचे हेडक्लर्कसाहेब, आणि तिथून पत्र पीएओला.

यजमानांनी हेडक्लर्कसाहेबांकडे तोंडी गाऱ्हाणं करू नये. एक पानी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. अर्जात नंबर, रँक, नाव, जुन्या युनिटच्या एसओएसची तारीख, महूच्या टीओएसची तारीख, आणि तीन मागण्या असाव्यात. एक, ४५,००० चं डेबिट कोणत्या पार्ट टू ऑर्डरवरून पडलं, तिचा क्रमांक आणि तारीख कळवावी. दोन, उरलेली काही वसुली असेल तर ती हप्त्यांनी व्हावी. तीन, महूला आल्यापासूनचा घरभाडे भत्ता, म्हणजे एचआरए.

ही तिसरी मागणी नीट वाचा, कारण तुमचे पैसे इथे अडकले आहेत. सातही स्लिपांत एचआरए कुठेच नाही. सरकारी घर दिलेलं नसेल आणि अटी बसत असतील तर तो मिळायला हवा. पण तो आपोआप येत नाही. क्वार्टर उपलब्ध नसल्याचा दाखला स्टेशन हेडक्वार्टरकडून घ्यावा लागतो, तो जोडून युनिट पार्ट टू ऑर्डर काढतं आणि मग भत्ता सुरू होतो. १ जानेवारी २०२४ पासून एचआरएचे दर शहराच्या वर्गाप्रमाणे मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के आहेत. इंदूर मधल्या वर्गात येतं. पण लक्षात ठेवा, दर नेमणुकीच्या ठिकाणावरून ठरतो, राहत्या घरावरून नाही. महूला कोणता दर लागतो ते स्टेशनच्या आदेशात लिहिलेलं असतं, क्लर्ककडून तो कागद बघून घ्या. प्रवास भत्त्याचंही तेच: जवान ते सुभेदार मेजर या सगळ्या पातळ्यांना ठरावीक मोठ्या शहरांत ३,६०० अधिक महागाई भत्ता आणि इतरत्र १,८०० अधिक महागाई भत्ता. इंदूर ३,६०० च्या यादीत आहे म्हणून राऊला राहणाऱ्याला ते मिळतील असं नाही. यजमानांच्या स्लिपेत १,८०० चा दर लागला आहे, त्यावरून मला त्यांच्या ऑफिसने महूचा दर वेगळा धरला आहे असं दिसतं.

सात महिन्यांच्या एचआरएची थकबाकी मंजूर झाली तर कापलेल्यातला बराच भाग भरून निघेल. म्हणून डेबिटविरुद्ध भांडण्याच्या आधी हा दाखला मिळवा.

अजून एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही, पण स्लिपा वाचताना माझी नजर तिथे अडकली. फेब्रुवारीत मूळ वेतन ३१,४०० आहे आणि मार्चपासून ३२,९००. म्हणजे १ मार्चला ते नाईकचे हवालदार झाले. बढतीच्या वेळी जवानाला पर्याय असतो: पगार बढतीच्या तारखेपासून ठरवा, किंवा पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून ठरवा. त्यांचं वेतन पहिल्या पद्धतीने ठरलेलं दिसतं. वेतनतक्त्याच्या चौथ्या पातळीत, म्हणजे नाईकच्या, एक पायरी वर, ३२,३००, आणि मग पाचव्या, म्हणजे हवालदाराच्या पातळीत त्याहून लगेच वरचा आकडा ३२,९००.

दुसऱ्या पद्धतीत मार्च ते जून ३१,९०० मिळाले असते, म्हणजे महिना हजार कमी. पण १ जुलैला दोन पायऱ्या एकदम धरतात, एक नेहमीच्या वेतनवाढीची आणि एक बढतीची: ३१,४०० चे ३२,३००, मग ३३,३००, आणि पाचव्या पातळीत ३३,९००. पहिल्या पद्धतीत जुलैलाही ३२,९०० च. चार महिन्यांत गमावलेले चार हजार ऑक्टोबरअखेर भरून येतात आणि त्यानंतर दर महिन्याला हजार रुपये, वर महागाई भत्ता, जास्त. हे मूळ वेतन आहे, त्यामुळे फरक निवृत्तिवेतनापर्यंत जातो.

पर्याय द्यायला मुदत असते, म्हणून हेडक्लर्कसाहेबांना उद्याच विचारा की पर्यायाचा कागद भरला होता का, आणि भरला तर त्याची पार्ट टू ऑर्डर निघाली का. एक शक्यता मात्र आहे. एमएसीपीने, म्हणजे ८, १६ आणि २४ वर्षांच्या सेवेवर मिळणाऱ्या वरच्या पातळीने, पाचवी पातळी त्यांना आधीच मिळालेली असेल तर बढतीने पुन्हा पायरी मिळत नाही. तुमच्या स्लिपेवरून तसं दिसत नाही, पण त्यांच्याकडून सेवेची तारीख विचारून घ्या. १ जानेवारी २०१६ पासून सातव्या वेतन आयोगाचं वेतन लागू झालं तेव्हा पर्याय न दिल्यामुळे किती जणांचं वेतन खालच्या पायरीवर बसलं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिलं, ते मी फायलींमध्ये पाहिलं आहे. म्हणून हे इतकं आवर्जून सांगते.

वसुलीबद्दल लोक विचारतात, सुप्रीम कोर्टाने जास्त दिलेले पैसे परत घ्यायला मनाई केली आहे ना? पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात १८ डिसेंबर २०१४ ला तसा निकाल आहे. खालच्या वर्गातल्या कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा एका वर्षात निवृत्त होणाऱ्यांकडून, आणि पाच वर्षांहून जास्त काळ दिलं गेलेलं असेल तर वसुली करू नये, असं त्यात म्हटलं आहे. सैनिकही सैन्यदल न्यायाधिकरणापुढे त्याचा आधार घेतात. पण माझं स्पष्ट मत असं, की तुमच्या बाबतीत हा रस्ता पहिला नाही. सहा महिन्यांचा फील्ड भत्ता महूत बसून मिळाला होता. तो परत द्यावा, पण हप्त्यांनी द्यावा, कारण चूक तुमची नाही आणि घरात चूल पेटायला हवी. हप्ते नाकारले, एचआरएचा अर्ज महिनोन्महिने पडून राहिला, तर आधी सीओसाहेबांचा, म्हणजे युनिटच्या प्रमुखांचा, इंटरव्ह्यू मागावा. आर्मी अॅक्ट १९५० च्या कलम २६ खाली जवानाला तक्रार वर नेण्याचा हक्क आहे. न्यायाधिकरणाचं खंडपीठ आपल्यासाठी जबलपूरला आहे, पण मी एवढी वर्षं पाहिलेल्यांतले फार थोड्या मामल्यांना तिथपर्यंत जायची गरज होती. बाकीच्यांना एक योग्य पार्ट टू ऑर्डर पुरली.

या महिन्याच्या भाड्याचं: बऱ्याच युनिटांमध्ये वेल्फेअर फंडातून बिनव्याजी उसने मिळण्याची सोय असते. यजमानांनी सुभेदारसाहेबांना सांगावं, संकोच करू नये. मोबाइलवरच्या अॅपचं झटपट कर्ज मात्र घेऊ नका. आणि पे स्लिप, आर्मी नंबर, युनिटचं नाव नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. मदत करणाऱ्यालाही फक्त आकडे आणि तारखा पुरतात. तुम्ही मला पाठवलेल्या स्लिपांवरचा नंबर मी खोडून टाकला आहे.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगते. ती सांगायला जड जाते, पण तुमच्यासारख्या घरांना तिचा उपयोग होईल. एका रेजिमेंटच्या पे ऑफिसात मी नवी होते. साताऱ्याकडच्या एका शिपायाच्या लग्नाची पार्ट टू ऑर्डर माझ्या टेबलावर आली. त्यात बायकोचं नाव वेगळं, जोडलेल्या लग्नाच्या दाखल्यात वेगळं. मी शेरा मारला, 'नाव जुळत नाही', आणि परत पाठवली. पुन्हा आली, पुन्हा परत. तिसऱ्या वेळी मी दोन्ही कागद शेजारी ठेवून निरखले. आडनावं सारखी होती, वडिलांचं नाव सारखं होतं, फक्त पहिलं नाव बदललं होतं. आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मुलीचं नवं नाव लिहितात ना, तेच नाव युनिटात सांगितलं होतं आणि दाखल्यावर माहेरचं होतं. मी इंदूरची मराठी मुलगी, माझ्या आईचं नाव असंच बदललेलं, आणि हे माझ्या लक्षात यायला तीन फेऱ्या लागल्या. मग मी युनिटाला सविस्तर लिहिलं की प्रतिज्ञापत्र जोडा, एकच नाव कायम करा. ऑर्डर चढली. पण त्या वर्षभरात त्या घराचं सगळं अडून राहिलं होतं.

म्हणून घरच्यांनी एक काम आजच करावं. यजमानांच्या शीट रोलमध्ये, म्हणजे सेवेच्या नोंदीत, आणि किन्ड्रेड रोलमध्ये, म्हणजे कुटुंबीयांच्या नोंदीत, तुमचं नाव, मुलीचं नाव, जन्मतारखा कशा लिहिल्या आहेत ते त्यांच्याकडून मागवा आणि आधार, जन्मदाखला, बँकेचं पासबुक यांच्याशी अक्षर-अक्षर जुळवा. मुलांच्या शिक्षण भत्त्याचं उदाहरण घ्या: १ जानेवारी २०२४ पासून तो दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे आहे, दोन मुलांपर्यंत. पण मुलीच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर नसेल, किंवा तिच्या नावात शाळेच्या दाखल्यापेक्षा एक अक्षर वेगळं असेल, तर दावा परत येतो. पुढे निवृत्तीनंतर तेच नाव 'स्पर्श' या निवृत्तिवेतन प्रणालीत जातं आणि तिथे अडतं तेव्हा माणूस सत्तरीचा असतो आणि युनिट कुठल्या कुठे गेलेलं असतं. आज दुरुस्तीला एक अर्ज लागतो.

स्लिप वाचायची सवयही लावून घ्या. सैन्याच्या 'हमराज' अॅपवर ती दर महिन्याला येते. निव्वळ रक्कम पाहून बंद करू नका. मूळ वेतन गेल्या महिन्याइतकंच आहे का; ५,२०० चा मिलिटरी सर्व्हिस पे आहे का, कारण महागाई भत्ता मूळ वेतन आणि तो मिळून काढतात; भत्त्यांच्या यादीत काही नवं आलं किंवा गेलं का; आणि शेवटी पार्ट टू ऑर्डरच्या रकान्यात या महिन्यात काय चढलं. तुमच्या डिसेंबरच्या स्लिपेत फील्ड अलाउन्स दिसला तेव्हाच यजमानांनी क्लर्कला सांगितलं असतं तर ७,५०० च परत गेले असते, ४५,००० नाही. जास्त आलेले पैसे बघून गप्प बसलेले बरेच जवान मी पाहिले. वाईट हेतूने नव्हे, त्यांना वाटतं काहीतरी थकबाकी आली असेल. शंका आली की ते पैसे बाजूला ठेवा आणि विचारा. फेब्रुवारीचा पगार कमी आला तर मात्र आधी आयकर पाहा. गुंतवणुकीची किंवा जुन्या कररचनेची माहिती वेळेवर दिली नसेल तर वर्षअखेरीस कपात वाढते, त्यात पीएओचा काही दोष नसतो.

क्लर्कांबद्दलही दोन शब्द. सैन्याचा पगार वाटण्याचा हा विभाग १७४७ मध्ये कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये पहिल्या लष्करी पेमास्टरच्या नेमणुकीपासूनचा आहे. आज लाखो खाती एका संगणक प्रणालीवर, तिचं नाव डॉल्फिन, महिन्याच्या ठरावीक तारखेला बंद होतात. त्या तारखेनंतर आलेली ऑर्डर पुढच्या महिन्यात जाते. म्हणून युनिटच्या क्लर्कला महिनाअखेरीस घाई करण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात गाठा. तो बिचारा दीडशे माणसांच्या ऑर्डरी एकटा टाइप करत असतो. तुमचा अर्ज नीट लिहिलेला, तारखांसह आणि जोडपत्रांसह असेल तर त्याचं काम सोपं होतं आणि तुमचं काम आधी होतं.

आता ताई, क्रम असा ठेवा: उद्या वेल्फेअर फंड आणि बढतीच्या पर्यायाची चौकशी, या आठवड्यात स्टेशन हेडक्वार्टरचा दाखला आणि अर्ज, पोचीचा फोटो स्वतःकडे. ऑगस्टची स्लिप आली की मला पाठवा, नंबर खोडून. एचआरएची थकबाकी आणि डेबिटच्या ऑर्डरचा क्रमांक त्यात दिसला तर पुढचं मी सांगते. नाही दिसला तर पत्राचा मसुदा मीच करून देईन, यजमानांनी फक्त सही करून हेडक्लर्कसाहेबांकडे द्यायचा.